न जोडलेला पाळणा

ऑस्ट्रेलियातल्या टूनगॅबीच्या मेन्स शेडचं गेट नऊला उघडतं, आणि उल्हास दाबके साडेआठलाच तिथे उभे. मंगळवार असो की गुरुवार, थंडीने नाक गळत असो की उन्हाने डांबर वितळत असो, हा माणूस अर्धा तास आधी. किल्ली असते रॉसकडे. रॉस आला की विचारतो, "अर्ली अगेन, मेट?" आणि उल्हासराव म्हणतात, "नो. यू लेट." चार वर्षं झाली, या संवादातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

मेन्स शेड म्हणजे रिटायर झालेल्या पुरुषांनी दिवसभर बायकोच्या पायात पायात करू नये म्हणून केलेली सोय. ही व्याख्या सुहासिनीबाईंची, म्हणजे उल्हासरावांच्या बायकोची. पत्र्याची मोठी खोली, आत करवती, रंधे, लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प, कोपऱ्यात किटली आणि बिस्किटांचा डबा. दहाबारा म्हातारे जमतात, पक्ष्यांची घरटी नाहीतर शाळेसाठी बाकं असलं काहीबाही बनवतात, आणि एकमेकांना गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगतात.

आता उल्हासराव माणूस कसा, तर भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला. पत्रा दाबून वाकवायचे साचे करायचे, हे त्यांचं काम. एकुलती एक लेक स्वरदा इकडे आली, जावई सिद्धार्थ, दोघंही सॉफ्टवेअरमधले, आणि पुढे तिने आईवडिलांना कायमचं बोलावून घेतलं. पुण्याचा फ्लॅट आवरताना उल्हासरावांनी सगळं वाटून टाकलं, पण केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर काही हातातून सुटेना. तो बरोबर आला. रॉसने पहिल्याच दिवशी एक फळी अंदाजाने कापून "नियर इनफ" म्हटलं, तेव्हा उल्हासरावांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "नियर इनफ इज नॉट अ नंबर!" ते ओरडले. रॉस सत्याहत्तर वर्षांचा, जन्मभर लाकडी होड्या बांधलेला. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मैत्री झाली ती तिथून.

मैत्री झाली म्हणजे भांडणं थांबली असं मुळीच नाही. पण ते असो, आपल्याला पाळण्याकडे यायचंय.

दोन वर्षांपूर्वी स्वरदाला दिवस गेले होते. सातवा लागल्या लागल्या उल्हासरावांनी दुकानातून पाळणा आणला, खोक्यातून येतो आणि आपणच जोडायचा असतो तसला. सुहासिनीबाई म्हणाल्या होत्या, "अहो, बाळ येण्याआधी असलं काही घरात आणत नाहीत." आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळतात ते. उल्हासरावांनी ते हसण्यावारी नेलं. "ऑस्ट्रेलियात लागू नाही ते," म्हणाले, आणि दुपारभर फतकल मारून पाळणा जोडला. आठव्या महिन्यात एके दिवशी बाळाची हालचाल थांबली. मुलगा होता. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांनी त्याला एकेकदा हातात घेतलं. त्यापलीकडे घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही.

मग या वर्षी पुन्हा गोड बातमी आली, सप्टेंबरअखेरची तारीख मिळाली, आणि सुहासिनीबाईंनी फर्मान काढलं. "बाळ घरात येईस्तोवर चिंधीसुद्धा आणायची नाही. झबलं नाही, दुपटं नाही, काही नाही. आणि अहो, तुम्हाला वेगळं सांगते. पाळण्याचं नाव काढायचं नाही." या खेपेला उल्हासराव हसले नाहीत. मनातल्या मनात त्यांनी त्या मुलाचा सगळा दोष केव्हाच स्वतःच्या खात्यावर घेतला होता. डॉक्टरांनी कारण काहीही सांगितलेलं असो, रात्री डोळा लागायच्या आत त्यांना आपलं ते हसणंच आठवायचं. त्यांनी कानाला खडा लावला.

तो टिकला दोन महिने. मे महिन्यात रॉसने एका जुन्या होडीच्या फासळ्या बदलायला घेतल्या, आणि उल्हासरावांनी जन्मात पहिल्यांदा लाकूड वाफेवर वाकताना पाहिलं. एक लांबलचक लाकडी पेटी, तिच्या एका टोकाला नळीने वाफ सोडलेली. आत स्पॉटेड गम नावाच्या टणक लाकडाच्या पट्ट्या तासभर उकडत ठेवलेल्या. वेळ झाली की हातमोजे घालून पट्टी ओढून काढायची आणि साच्यावर दाबायची. वेळ मिळतो अर्धं मिनिट, फार तर चाळीस सेकंद. गुडघ्यावर मोडायला गेलं तर गुडघाच मोडेल अशी ती पट्टी, मुकाट्याने वाकली. शेडभर ओल्या, गरम लाकडाचा वास सुटला. उल्हासरावांनी अक्षरशः तोंडात बोट घातलं.

"व्हॉट एल्स यू कॅन मेक?" त्यांनी विचारलं.

"एनिथिंग दॅट कर्व्ह्ज," रॉस म्हणाला. "बोट्स. चेअर्स. क्रेडल्स."

झालं. त्या रात्री त्यांना झोप नाही. दुकानातला पाळणा म्हणजे खोका आणि स्क्रू. हा कसा होईल! आणि मग हिशेब सुरू झाला, दिवसांचा. वाकवलेली पट्टी साच्यावर आवळून तीन आठवडे तरी वाळवावी लागते, नाहीतर सोडली की सरळ व्हायला बघते. पट्ट्या नऊ, साचा एक, एका वेळी तीन बसतात. शिवाय खालच्या दोन कमानी, ज्यांच्यावर पाळणा डुलणार. बाळ झाल्यावर सुरुवात केली तर बारशाला, बाराव्या दिवशी, आलेल्या पाहुण्यांना काय दाखवायचं, ओली लाकडं? म्हणजे आत्ताच वाकवायला हवीत. आणि आत्ता तर चिंधीसुद्धा आणायची नाही.

पण टूलरूममधला माणूस तो. पार्ट वेगळे आणि असेंब्ली वेगळी, हे त्याच्या रक्तात. जोपर्यंत जोडला नाही तोपर्यंत तो पाळणा नाहीच, असं उल्हासरावांनी स्वतःला पटवलं. नऊ वाकड्या पट्ट्या आणि दोन कमानी. वाकड्या पट्टीत कसलं आलंय अशुभ? शिवाय लाकडं शेडमध्ये, घरात नाहीत. घरी विचारलंच तर सांगायचं, रॉसच्या होडीच्या फासळ्या.

पहिल्या दिवशी पुरती फजिती झाली. उल्हासरावांनी दुकानातून स्वतः निवडून सरळ, गुळगुळीत, भट्टीत वाळवलेलं लाकूड आणलं होतं. प्रत्येक पट्टीची जाडी मायक्रोमीटरने तपासलेली. रॉस म्हणाला, हे वाकायचं नाही. उल्हासराव म्हणाले, "मेजर इट अँड सी." सहा पट्ट्या उकडल्या, सहाच्या सहा कडाकडा मोडल्या. शेवटच्या पट्टीचा तुकडा उडून बिस्किटांच्या डब्याला लागला. "चौतीस वर्षांत एवढं स्क्रॅप नाही केलं मी!" ते मराठीतच गरजले. रॉसने हवेवर वाळलेल्या, उभ्या रेषेच्या चार फळ्या मागच्या खोलीतून आणून त्यांच्यापुढे टाकल्या. भट्टीत भाजलेलं लाकूड ताठर होतं, ते नमतं घेत नाही, हे उल्हासरावांना त्या दिवशी कळलं. मायक्रोमीटर पेटीत गेला.

पण उल्हासरावांनीही रॉसला दोन गोष्टी शिकवल्या, तेही सांगायला हवं. पत्रा वाकवून सोडला की थोडा मागे येतो, म्हणून साचाच जरा जास्त वाकडा करायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. लाकडाचंही तेच. त्यांनी साच्याचा बाक लाकूड बघून वाढवला आणि पट्ट्या बरोबर हव्या त्या मापावर येऊन थांबल्या. दुसरी गोष्ट वाफेच्या भांड्याची. पाणी किती उरलं ते बघायला रॉस सारखा झाकण उघडायचा, वाफ निघून जायची. उल्हासरावांनी तळाशी वीस सेंटचं नाणं टाकलं. पाणी आहे तोवर नाणं खडखडतं, गप्प झालं की पाणी संपत आलं.

"व्हेअर डिड यू लर्न दॅट?" रॉसने विचारलं.

"माय वाइफ. मोदक."

मग मोदक म्हणजे काय हे समजावण्यात चहाची सुट्टी संपली.

पट्टी वाकवताना उल्हासरावांची भाषा आपोआप बदलायची. "धर! अरे धर म्हणतो ना! सोडू नकोस रे बाबा!" असा आरडाओरडा चालायचा आणि रॉसला एक अक्षर न कळता तो बरोबर तिथेच धरायचा जिथे धरायला हवं. कमानी मात्र वाफेवर केल्या नाहीत. दोन्ही तंतोतंत सारख्या हव्यात, एक उणी पडली की पाळणा लंगडणार. म्हणून लाकडाचे पातळ पातळ थर काढले, मधे गोंद लावला आणि एकाच साच्यात एकामागून एक आवळल्या. त्यासाठी शेडमधले यच्चयावत क्लॅम्प लागले. दोन दिवस बाकीच्या म्हाताऱ्यांची कामं अडली आणि उल्हासरावांच्या नावाने बोटं मोडली गेली.

ऑगस्ट उजाडला तेव्हा सगळे पार्ट तयार होते. घासून, तेल लावून, भिंतीपाशी ओळीने उभे. जोडायचं तेवढं राहिलं होतं. तरी उल्हासराव येऊन रोज तेच घासत बसायचे. खिशातला फोन वाजला की आधी नंबर बघायचे. घरचा असला तर उचलण्याआधी हात दोनदा पुसायचे. बाळ सुखरूप येऊ दे, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि आपण त्याच्या आड येतोय की काय, ही भीती मनातून हटत नव्हती.

त्या गुरुवारी फोन आला नाही. स्वरदाच आली. बाबा बीपीची गोळी घरी विसरले म्हणून गाडी काढून आली होती. आठवा महिना, कमरेवर हात. दारात उभी राहिली आणि भिंतीकडे बघतच राहिली. उल्हासरावांनी धावत जाऊन पट्ट्यांवर एक जुनी चादर टाकली.

"होडी आहे. रॉसची," ते म्हणाले.

"बाबा." स्वरदाने चादर बाजूला केली. एक कमान उचलून टेबलावर ठेवली, बोटाने टोकाला दाबली. कमान डुलली. "पाळणा आहे ना हा?"

"जोडलेला नाही गं! नुसते पार्ट आहेत. जोडला नाही म्हणजे... तू आईला सांगू नकोस."

स्वरदा स्टुलावर बसली. रॉसने चहाचा कप तिच्याजवळ ठेवला आणि शहाणा माणूस बाहेर निघून गेला.

"मी हॉस्पिटलमधून घरी आले ना," ती म्हणाली, "तेव्हा ती खोली रिकामी होती. कार्पेटवर फक्त चार खळगे होते, पाळण्याच्या पायांचे. तुम्ही सगळे झोपलात की मी तिथे जाऊन बसायचे. त्या खळग्यांत बोटं घालून." तिने कमानीचं टोक पुन्हा दाबलं. "आईने तो काढून टाकला, मला विचारलंसुद्धा नाही. आय वॉन्टेड टू सी इट, बाबा. एकदाच. माझ्या हाताने आवरायचा होता मला तो. आई असं कसं करू शकली? दोन वर्षं माझ्या मनातून जातच नाहीये ते. बोलते मी तिच्याशी, पण आतून नाही बोलत. तुम्हाला कळलं असेलच."

उल्हासरावांना कळलं नव्हतं. मायलेकींचं जरा बिनसलंय, चालायचंच, असं त्यांना वाटत आलं होतं. शेडमध्ये एवढी हत्यारं, पण हातात काय धरावं ते सुचेना.

"आईने नाही काढला," ते म्हणाले. "मी काढला."

स्वरदा स्टुलावरून अर्धवट उठली.

"त्या दुपारी आई तुझ्यापाशी होती. मी एकटाच घरी आलो आणि खोलला. वाटलं, तू यायच्या आत दिसेनासा व्हायला हवा. सगळे स्क्रू मोजून पिशवीत घातले, एकसुद्धा हरवू दिला नाही. मग चॅरिटीच्या दुकानात देऊन आलो. तुला विचारावं हे... डोक्यातच आलं नाही गं. चुकलं माझं."

ती रडली. तेही रडले, नाक पुसायला हाताशी पॉलिशचं फडकं होतं तेच वापरलं. डोळे पुसून स्वरदा म्हणाली, "जोडा."

"काय?"

"हा पाळणा. आज जोडा, घरी आणा."

"अगं पण आई..."

"बाबा, घरात सगळे असे वागताय की हे बाळ येणारच नाहीये. ते आत दिवसभर लाथा मारतंय आणि त्याच्यासाठी घरात एक रुमाल नाही. मला कसं वाटत असेल? जोडा. आणि देव न करो, काही झालंच, तर मला विचारल्याशिवाय कोणी काहीही काढायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," उल्हासराव म्हणाले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात एवढ्या घाईने त्यांनी कशाला होकार दिला नव्हता.

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून इथेच सांगून टाकायला हवं: सत्तावीस सप्टेंबरला मुलगी झाली, तीन किलो दोनशे, आणि जन्मल्या जन्मल्या तिने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. आवाज आजोबांचा आहे, असं सगळ्यांचं एकमत पडलं. नाव नुपूर. रात्री ती नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे सपाट कॉटमध्ये झोपते, दिवसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाळण्यात. पण खरी गोष्ट त्या गुरुवारच्या दुपारीच घडली.

रॉसने आपल्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, पार्ट घातले आणि गराजच्या दारात उतरवून दिले. सुहासिनीबाई बाहेर आल्या. पट्ट्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. स्वरदा मागून गाडी लावत होती.

"आल्या का होडीच्या फासळ्या?" त्या म्हणाल्या. "मला काय लहान बाळ समजता? मे महिन्यापासून शर्टाला लाकडाचा भुसा आणि चेहऱ्यावर चोराचा भाव."

"मग बोलली का नाहीस?"

"हात हलवत होतात, तेवढेच बरे होतात. नाहीतर घरभर फेऱ्या मारून माझा जीव खाल्ला असतात."

उल्हासराव जवळ गेले. हळू आवाजात, जो त्यांना फारसा जमत नाही, म्हणाले, "सुहास, तो पहिला पाळणा तू काढलास असं स्वरदाला वाटत होतं. दोन वर्षं."

"माहितीये मला."

"माहितीये? अगं मग सांगायचंस ना, यांनी केलं म्हणून!"

"सांगून काय झालं असतं?" सुहासिनीबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तुमच्याशी बोलायची बंद झाली असती. त्या दिवसांत ती घरात एका तुमच्याशीच बोलत होती. म्हटलं, एकाशी तरी बोलू दे."

उल्हासरावांनी मागे वळून पाहिलं तर स्वरदा गाडीच्या दाराला धरून उभी. तिने ऐकलं होतं.

कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. दाबक्यांच्या घरात तसली पद्धत नाही. स्वरदा येऊन आईच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, या बाजूने धरतेस का? बाबांना एकट्यांना नाही जमणार." सुहासिनीबाईंनी एकदा देवघराच्या दिशेने पाहिलं, आणि धरलं.

उल्हासरावांनी भोकांत गोंद भरला, पट्ट्या बसवल्या, कमानी ठोकल्या. आणि मग लक्षात आलं की क्लॅम्प सगळे शेडमध्ये राहिले. चौतीस वर्षांत ही चूक त्यांनी केली नव्हती. गोंद धरेपर्यंत आता हातांनीच आवळून बसायला हवं. स्वरदाला खुर्ची दिली, सुहासिनीबाई समोर बुटक्या स्टुलावर, मधे पाळणा. दोघींचे हात एकाच पट्टीवर आणि डोकी एकमेकींपासून वीतभर अंतरावर. उठून जायची सोय नाही.

पाच मिनिटं गेली. मग स्वरदाने काहीतरी हळूच विचारलं. आईने त्याहून हळू उत्तर दिलं. बाळाचं नाक कोणासारखं होतं, एवढंच उल्हासरावांच्या कानावर आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मुलाबद्दल या घरात कोणी बोलत होतं. मग दोघी बोलतच राहिल्या, मधेच रडल्या, मधेच, काय आठवलं कोण जाणे, हसल्या. हात कोणाचेच सुटले नाहीत. उल्हासराव दुसरी बाजू धरून, मान खाली घालून बसले होते.

गोंद वीस मिनिटांत धरतो. डब्यावर लिहिलेलं असतं आणि उल्हासरावांनी घड्याळ लावलं होतं. वीस झाली, पंचवीस झाली, पस्तीस झाली.

"अहो, झालं का? हात दुखले," सुहासिनीबाईंनी विचारलं.

उल्हासरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "नाही अजून," ते म्हणाले. "धरून ठेवा."